अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंचा अभ्यास कोण तपासतं? एनसीएए आणि प्राध्यापकांची देखरेख

सुधन्वा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल-बास्केटबॉलबद्दल मराठीत बोलणं होतं ते बहुतेक पैशांचं. या धाग्यात त्याच व्यवस्थेच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहू या. खेळाडू वर्गात नेमकं काय शिकतो आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं त्यावर कितपत लक्ष असतं? तिथे शिकवणारे आणि अशा समित्यांचं काम जवळून माहीत असलेले बरेच जण इथे आहेत, तेव्हा तपशिलातच जाऊ.

ही देखरेख नवी नाही. १८९६ साली शिकागोत सात विद्यापीठांच्या प्राध्यापक प्रतिनिधींनी जी संघटना उभी केली, तिलाच आज बिग टेन (आपापसात स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांचा एक गट) म्हणतात. तिचं अधिकृत नाव १९८७ पर्यंत 'इंटरकॉलेजिएट कॉन्फरन्स ऑफ फॅकल्टी रिप्रेझेंटेटिव्ज' असं होतं. कोण खेळायला पात्र हे प्राध्यापकांनी ठरवायचं, अशी मूळ कल्पना होती. पुढे सूत्रं ॲथलेटिक विभागाकडे सरकली. आता एनसीएएच्या (कॉलेज खेळांचे नियम करणारी राष्ट्रीय संघटना) प्रत्येक सदस्य संस्थेत एक फॅकल्टी ॲथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे एफएआर, असावाच लागतो. त्याची नेमणूक विद्यापीठाचे अध्यक्ष करतात. तो प्राध्यापक किंवा त्या दर्जाचा अधिकारी असावा लागतो आणि ॲथलेटिक विभागात त्याच्याकडे प्रशिक्षकाचं किंवा प्रशासकीय पद असता कामा नये. याशिवाय बहुतेक ठिकाणी फॅकल्टी सिनेटची, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी सभेची, किंवा अध्यक्षांनी नेमलेली एक ॲथलेटिक समिती असते.

अडचण अशी की या समितीसमोर सहामाहीच्या शेवटी जो कागद येतो, त्यावर संघनिहाय सरासरी जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, असतो. महिला टेनिस ३.५, पुरुष फुटबॉल २.८ वगैरे. सगळे समाधानाने माना डोलावतात आणि पुढचा विषय सुरू होतो. सरासरी जीपीएवरून देखरेख होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तो आकडा चांगला दिसावा म्हणून काय काय करता येतं, ते त्याच आकड्यात लपून जातं. समितीने मागायला हवेत ते अभ्यासक्रमनिहाय तक्ते:

एखाद्या वर्गात एकूण विद्यार्थी किती आणि त्यात खेळाडू किती. विद्यापीठात खेळाडू ३-४ टक्के असतील आणि एका वर्गात ४० टक्के, तर तो वर्ग उघडून बघायचा. त्याच वर्गात खेळाडूंच्या आणि इतरांच्या ग्रेडची वाटणी शेजारी शेजारी. इंडिपेंडंट स्टडी प्रकारचे (वर्गाविना, एका प्राध्यापकाच्या देखरेखीखाली करायचे) कोर्स कोणत्या प्राध्यापकाकडे किती. सहामाही संपल्यावर बदललेल्या ग्रेड आणि 'इन्कम्प्लीट' (काम अपुरं) शेऱ्याचं ग्रेडमध्ये रूपांतर, तारखांसकट. आणि संघनिहाय मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय.

हे सगळं रजिस्ट्रारच्या कार्यालयाकडून घ्यायचं, ॲथलेटिक विभागाकडून नाही. एकदा क्वेरी लिहून ठेवली की दर सहामाहीला तीच चालवता येते. निदान चार-पाच वर्षांचा मागचा डेटा एकत्र बघा. एका सहामाहीत काहीच दिसत नाही.

हेमांगी

चांगला विषय. पात्रतेचे नियम आकड्यांत देते, कारण मेजरच्या तक्त्यात जे दिसतं त्याचं मूळ तिथे आहे.

डिव्हिजन १ मध्ये (एनसीएएच्या तीन स्तरांतला सर्वात वरचा) खेळायला आणि सरावाला पूर्णवेळ नोंदणी लागते, म्हणजे सहामाहीला साधारण १२ क्रेडिट. मधेच एखादा कोर्स सोडून ११ वर आला की बहुतेक वेळा तो लगेच अपात्र, म्हणून ड्रॉपच्या अर्जावर सल्लागाराची नजर हवी. दर सहामाहीत किमान ६ क्रेडिट उत्तीर्ण, फॉल आणि स्प्रिंग मिळून १८, आणि दुसरं वर्ष सुरू होण्याआधी २४. त्यानंतर २००३ पासून लागू झालेला ४०-६०-८० चा नियम: तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचे ४० टक्के, चौथ्याच्या ६० आणि पाचव्याच्या ८०. १२० क्रेडिटची पदवी असेल तर ४८, ७२ आणि ९६. पदवीसाठी किमान जीपीए २.० असेल, तर तो दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला १.८, तिसऱ्याच्या १.९ आणि चौथ्याच्या २.० लागतो. नियमावलीची नवी आवृत्ती दर वर्षी निघते, काम करताना तीच उघडी ठेवा.

ही क्रेडिट्स *निवडलेल्या पदवीत* मोजली जाणारी हवीत, आणि मेजर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत जाहीर करावाच लागतो. समजा, इंजिनिअरिंगच्या मुलीने ५२ क्रेडिट मिळवली आणि तिला अर्थशास्त्रात जायचंय. तिथे त्यातली ३८ च धरली गेली, तर ती एका कागदाने अपात्र ठरते. उलट दिशेने, म्हणजे सोप्या मेजरकडून अवघडकडे जाणं, तर त्याहून कठीण. परिणाम असा होतो की सल्लागार पहिल्याच सहामाहीत सर्वात लवचीक मेजर सुचवतात, 'जनरल स्टडीज' सारखा, ज्यात जवळपास कुठलंही क्रेडिट बसतं. दर्जा वाढवण्यासाठी केलेल्या नियमाने मुलांना अवघड विषयांपासून लांब ढकललं. हे नियम करणाऱ्यांनी आधी ओळखायला हवं होतं.

दुसरं कारण वेळापत्रक. रसायनशास्त्राची लॅब दुपारी २ ते ५, सरावही त्याच वेळी. तीच लॅब सकाळी एका सेक्शनला ठेवली तरी बराच फरक पडतो. प्राध्यापकांच्या समितीने हे विभागप्रमुखांशी बोलून घडवून आणता येतं, त्याला एनसीएएची परवानगी लागत नाही.

कृष्णाकाठ

एपीआर (ॲकॅडमिक प्रोग्रेस रेट) आणि जीएसआर (ग्रॅज्युएशन सक्सेस रेट) हे दोन शब्द बातम्यांत सारखे येतात. त्यांचा हिशोब कुणी नीट सांगेल का? एपीआर ९३० म्हणजे ९३ टक्के मुलं पास, असं बऱ्याच जणांना वाटतं.

गणिती_मास्तर

९३० चा पासशी थेट संबंध नाही. शिष्यवृत्ती घेणारा प्रत्येक खेळाडू दर सहामाहीला २ गुण मिळवू शकतो: एक पात्र राहिल्याचा, एक संस्थेत टिकल्याचा किंवा पदवी घेतल्याचा. संघाचे मिळालेले गुण भागिले शक्य गुण, गुणिले १०००. चार वर्षांचा फिरता आकडा धरतात.

तेरा शिष्यवृत्तीधारक असलेला बास्केटबॉल संघ घ्या. १३ × २ × २ = ५२ गुण. दोन खेळाडू नापास होऊन सोडून गेले, म्हणजे त्या सहामाहीचे दोन्ही गुण गेले, की ४८/५२ = ९२३. फक्त दोन मुलांनी संघ ९३० च्या खाली आणला. ८५ जणांच्या फुटबॉल संघात तेच चार गुण गेले तर ३३६/३४० = ९८८. त्यामुळे लहान संघाचा एका वर्षाचा आकडा बघून निष्कर्ष काढू नका.

९३० च्या खाली राहिलं तर पोस्टसीझनबंदी, म्हणजे मोसमाअखेरच्या स्पर्धांना मनाई, होऊ शकते. २०११ चं विजेतेपद मिळवलेला कनेटिकटचा पुरुष बास्केटबॉल संघ २०१३ च्या स्पर्धेत याच कारणाने नव्हता. आणखी एक दंड सरावाच्या तासांचा: आठवड्याचे २० तास १६ वर येतात आणि ते ४ तास अभ्यासाला द्यावे लागतात.

आता पदवीचा दर. सरकारी पद्धत सहा वर्षं बघते आणि मधे दुसरीकडे गेलेला प्रत्येक जण 'पदवी नाही' धरते. एनसीएएचा जीएसआर चांगल्या स्थितीत बदली झालेल्याला यादीतून काढतो आणि बाहेरून आलेल्याला धरतो. उदाहरण: २० जण दाखल, १० पदवीधर, ६ जण पात्र असताना दुसरीकडे गेले, ४ गळाले. सरकारी दर १०/२० = ५० टक्के. जीएसआरमध्ये १०/१४ = ७१. त्यात बाहेरून आलेले ५ मिळवा, त्यातले ४ पदवीधर: १४/१९ = ७४. मुलं तीच, विद्यापीठ तेच, आकडे दोन. पत्रकात नेहमी मोठा छापतात, म्हणून समितीने दोन्ही मागावेत. आणि खेळाडूंचा जीएसआर इतर विद्यार्थ्यांच्या सरकारी दराशेजारी ठेवून 'आमचे खेळाडू सरस' असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबवावं. ती तुलना चुकीची आहे.

मीनल_ताई

सुधन्वा, तुम्ही मागितलेल्या तक्त्यांचं महत्त्व नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रकरणाइतकं दुसरीकडे कुठेच दिसत नाही. थोडं सविस्तर लिहिते.

चॅपल हिलच्या विद्यापीठात आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागात १९९३ ते २०११, अशी अठरा वर्षं, 'पेपर क्लास' चालले. वर्ग भरत नसे, सहामाहीअखेर एक निबंध द्यायचा, आणि अनेकदा तो तपासून उदार ग्रेड देणारी व्यक्ती प्राध्यापक नव्हे तर विभागाच्या कार्यालयातली कर्मचारी होती. ऑक्टोबर २०१४ च्या वेनस्टीन चौकशी अहवालाप्रमाणे ३,१०० हून अधिक विद्यार्थी या कोर्समधून गेले, आणि नोंदण्यांपैकी जवळजवळ निम्म्या खेळाडूंच्या होत्या. ॲथलेटिक विभागातले काही शैक्षणिक सल्लागार मुलांना जाणूनबुजून तिकडे पाठवत होते. ती कर्मचारी २००९ मध्ये निवृत्त झाली आणि फुटबॉल संघाचा जीपीए घसरला.

आता तक्ते लावून बघा. खेळाडूंचं प्रमाण: पहिल्याच तक्त्यात दिसलं असतं. इंडिपेंडंट स्टडी: एका विभागप्रमुखाच्या नावावर शेकडो विद्यार्थी, हे माणसाच्या क्षमतेबाहेरचं आहे. ग्रेडबदल: विद्यापीठाच्याच २०१२ च्या तपासणीत काही अर्जांवरच्या सह्या आपल्या नाहीत असं प्राध्यापकांनी सांगितलं. यात मी आणखी एक तपासणी जोडेन: वेळापत्रकात 'लेक्चर' म्हणून नोंदलेल्या प्रत्येक कोर्सला खोली आणि वेळ दिलेली आहे का, आणि त्या वेळी तिथे वर्ग भरतो का. डीनच्या कार्यालयातल्या एका माणसाने सहामाहीत काही वर्गांत डोकावलं तरी पुरतं.

आणि निकाल काय लागला? मान्यता देणाऱ्या संस्थेने जून २०१५ मध्ये विद्यापीठाला वर्षभर प्रोबेशनवर ठेवलं. एनसीएएने ऑक्टोबर २०१७ मध्ये विद्यापीठाला शिक्षा केली नाही, कारण ते कोर्स सर्व विद्यार्थ्यांना खुले होते, फक्त खेळाडूंसाठी नव्हते. कोर्सचा दर्जा ठरवणं संस्थेचं काम, अशी त्यांची भूमिका. याचा अर्थ प्रत्येक प्राध्यापकाने लक्षात ठेवावा: कोर्स पोकळ आहे की नाही हे एनसीएए येऊन तपासणार नाही. ती जबाबदारी पूर्णपणे तिथल्या प्राध्यापकांची आहे.

अभ्यंकर_एस

मीनलताई, प्रकरणाबद्दल सहमत, पण तक्त्यांच्या वापराबद्दल सावध राहायला हवं.

एकाच मेजरमध्ये संघातले २५ टक्के किंवा जास्त असले तर संशोधनात त्याला 'क्लस्टरिंग' म्हणतात. पण १२ जणांच्या गोल्फ संघात तिघं फायनान्सला असले तरी २५ टक्के होतात. मित्रांनी मिळून मेजर निवडणं यात गैर काही नाही. किनेसिऑलॉजीत (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) खेळाडू जास्त असणारच, त्यांना पुढे फिजिओथेरपी किंवा प्रशिक्षणात जायचं असतं. म्हणून आकडा दिसला की आरोप करायचा नाही, तीन प्रश्न विचारायचे. दाखल होताना मुलांनी कोणता मेजर लिहिला होता? बदलला असेल तर कोणत्या सहामाहीत आणि कोणाच्या सल्ल्याने? त्या मेजरमधल्या बिगर-खेळाडूंच्या ग्रेड कशा आहेत?

दुसरं, विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणारा १९७४ चा फेर्पा कायदा. समितीला नावं लागत नाहीत. पाचपेक्षा कमी जणांचे गट झाकून किंवा दोन-तीन वर्षं एकत्र करून तक्ता द्या, नाहीतर 'महिला गोल्फ, गणित, १' या ओळीवरून मुलगी ओळखता येते. कायद्याचं नाव पुढे करून ॲथलेटिक विभाग सगळाच डेटा नाकारत असेल, तर विद्यापीठाच्या वकिलांकडून लेखी मत घ्यावं. कायदेशीर शैक्षणिक हेतू असलेल्या संस्थेतल्याच अधिकाऱ्यांना तो पाहण्याची सोय कायद्यात आहे.

मीनल_ताई

@अभ्यंकर_एस, तीन प्रश्न अगदी योग्य. विशेषतः दुसरा. मेजर बदलण्याची सहामाही आणि पात्रता तपासणीची तारीख शेजारी ठेवली की हेतू बऱ्याचदा कळतो.

गोदातीर

शिकवणी देणाऱ्यांचा विषय राहिला. मिनेसोटात १९९९ मध्ये उघड झालं की शैक्षणिक सल्ला विभागाच्या कार्यालयातल्या एका कर्मचारी स्त्रीने बास्केटबॉल खेळाडूंसाठी सुमारे ४०० लेखनकामं केली होती. १९९७ ची फायनल फोरची (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे चार संघ) नोंद रद्द झाली. मिसूरीत २०१९ च्या निर्णयात एका ट्यूटरने १२ खेळाडूंचं काम केल्याचं नोंदलं आहे.

दोन्हीकडे शिकणारा मुलगा कमी पडत होता आणि त्याला पात्र ठेवण्याचा दबाव खालच्या पगाराच्या माणसावर होता. म्हणून ट्यूटरचे पैसे आणि नेमणूक कुणाकडे, हा पहिला प्रश्न. शैक्षणिक सल्ला आणि शिकवणी प्रोव्होस्टच्या, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक प्रमुखाच्या, अखत्यारीत हवी. ॲथलेटिक डायरेक्टरने बजेटला हातभार लावावा, पण बढती आणि मूल्यमापन त्याच्या हाती नसावं. नॉर्थ कॅरोलायनानेही पुढे तेच केलं.

रोजच्या कामातले नियम साधे आहेत. ट्यूटरने खेळाडूच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. निबंध सामायिक डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे कुणी कधी काय टंकलं त्याचा इतिहास राहतो. भेटीनंतर तीन-चार ओळींची नोंद. ट्यूटर आणि खेळाडू यांचा खासगी फोनवर संपर्क नाही. प्रशिक्षकाने प्राध्यापकाला ग्रेडबद्दल फोन किंवा ईमेल करायचा नाही, प्रगतीची चौकशी सल्लागारामार्फतच. असा फोन आला तर तो एफएआरला कळवायचा, हे प्रत्येक नव्या प्राध्यापकाला रुजू होतानाच सांगावं. अनेकांना एफएआर नावाचं कुणी आहे हेही माहीत नसतं.

नलिनी_क

प्रवासाबद्दल. नियम असा की सरावासाठी तास बुडवता येत नाही. अपवाद बाहेरगावच्या सामन्यासाठी निघालेला संघ. सीझनमध्ये दिवसाला ४ तास, आठवड्याला २०, एक दिवस सुट्टी. पण सामना कितीही वेळ चालला तरी हिशोबात ३ तासच धरतात, आणि प्रवास त्यात येतच नाही. म्हणून कागदावर २० तास भरतात आणि मुलगी प्रत्यक्षात त्याहून खूप जास्त अडकलेली असते.

२०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचे यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आले, स्टॅनफर्ड आणि बर्कली एसीसी या मुख्यतः पूर्वेकडच्या गटात गेले. फुटबॉलचा सामना आठवड्याला एक, बहुतेक शनिवारी. त्रास व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉलला, जिथे आठवड्याच्या मधल्या दिवशी सामना आणि तीन टाइम झोन पार करून परत. टीव्हीच्या पैशांसाठी केलेल्या फेरबदलाची किंमत ज्या मुली टीव्हीवर फारशा दिसतही नाहीत त्या मोजताहेत, हे मला मान्य नाही.

समितीने वेळापत्रक *मंजूर होण्याआधी* मागावं. संघनिहाय बुडणारे वर्गदिवस मोजावेत, सोमवार-बुधवार आणि मंगळवार-गुरुवार वेगवेगळे, कारण मंगळवारचा एक तास बुडाला की आठवड्याचा अर्धा कोर्स गेला. संस्थेने स्वतःची मर्यादा ठरवावी, आणि परीक्षेच्या आठवड्यात सामना ठेवायचा तर समितीची लेखी संमती लागावी.

पर्वती_पायथा

पुण्या-मुंबईहून टेनिस, पोहणं, गोल्फसाठी जाणाऱ्या मुलांनी यातलं काय बघावं?

हेमांगी

@पर्वती_पायथा, आधी प्रवेशाची पात्रता. डिव्हिजन १ ला नववी ते बारावीत १६ कोअर कोर्स (एनसीएए धरते ते मुख्य विषय) आणि त्यात २.३ जीपीए लागतो. इंग्रजी ४ वर्षं, गणित ३, विज्ञान २, या तिन्हींपैकी एकाचं आणखी १, सामाजिक शास्त्रं २, बाकी ४ इतर. १६ पैकी १० सातव्या सहामाहीआधी, आणि त्यातले ७ इंग्रजी-गणित-विज्ञानात. एसएटी-एसीटीची अट जानेवारी २०२३ मध्ये काढली. डिव्हिजन २ ला जीपीए २.२. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची शिष्यवृत्तीच नसते, आयव्ही लीगमध्येही नाही.

आपल्याकडे दोन जागी गाडी अडते. दहावीनंतर खेळासाठी वर्षभर खंड घेतला, तर नववीपासून चार वर्षांत कोअर कोर्स पुरे करण्याची मुदत मोडते. आणि अकरावीला गणित सोडलं, तर तीन वर्षांचं गणित भरणं अवघड होतं. अकरावीचे विषय निवडण्याआधीच एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरचे (पात्रता तपासणारं कार्यालय) निकष बघा. गुणपत्रिका नववीपासूनच्या सगळ्या जपून ठेवा.

तिथे गेल्यावरचा एक मुद्दा बरेच सल्लागारही विसरतात. प्रवास करणाऱ्या संघांतल्या मुलांना सर्रास ऑनलाइन कोर्स देतात. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ नोंदणीत सहामाहीला एकच ऑनलाइन कोर्स, म्हणजे ३ क्रेडिट, धरता येतो. १२ पैकी ६ ऑनलाइन घेतले, तर व्हिसाच्या हिशोबाने मुलगा पूर्णवेळ राहत नाही. ॲथलेटिक विभागाचा सल्लागार काहीही म्हणो, नोंदणीआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओला (विद्यार्थी व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) विचारा. नाव-प्रतिमेच्या मोबदल्याचे करार आणि २०२५ पासून विद्यापीठांनी द्यायला सुरुवात केलेला महसुलातला वाटा, याबाबतही आधी डीएसओ, मग सही.

सुधन्वा

हेमांगीताई, एफ-१ चा मुद्दा समित्यांच्या यादीतही हवा.

बदल्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं. एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असलेला खेळाडू कितीही वेळा संस्था बदलून लगेच खेळू शकतो. तीन वर्षांत तीन विद्यापीठं झाली की क्रेडिट कुठे जातात हा प्रश्न गंभीर होतो. प्रशिक्षकाला होकार दोन दिवसांत हवा असतो आणि क्रेडिटचं मूल्यांकन व्हायला आठवडे लागतात. म्हणून स्वीकारणाऱ्या विद्यापीठाने सही होण्याआधी मेजरनिहाय लेखी मूल्यांकन द्यावं: आणलेल्या क्रेडिटपैकी किती पदवीत बसतात, आणि पदवीला किती सहामाह्या उरतात. ते रजिस्ट्रारने द्यायचं, भरती करणाऱ्या प्रशिक्षकाने नाही. शिवाय पात्रता संपल्यावर पदवी पुरी होईपर्यंत शिष्यवृत्ती चालू राहील का, हे करारात लिहून घ्यावं.

कृष्णाकाठ

हिशोबाबद्दल आभार. एफएआर स्वतःच संघाबरोबर विमानाने जातो, तिकिटं घेतो, हे कितपत बरोबर?

मीनल_ताई

@कृष्णाकाठ, यावर तिथल्या प्राध्यापकांतही मतभेद आहेत. बरोबर गेल्याशिवाय मुलं कधी झोपतात, कुठे अभ्यास करतात हे दिसत नाही, हे खरं. पण खर्च ॲथलेटिक विभागाने उचलू नये, अध्यक्षांच्या किंवा प्रोव्होस्टच्या बजेटमधून व्हावा. मुदत ठरावीक असावी, नेमणुकीआधी सिनेटचं मत घ्यावं, शिकवण्याच्या भारात सूट द्यावी, नाहीतर काम नावापुरतं राहतं. आणि वर्षातून एकदा सिनेटसमोर तक्त्यांसकट लेखी अहवाल ठेवावा.

पालकांसाठी: प्रत्येक संस्थेचा संघनिहाय एपीआर आणि जीएसआर एनसीएएच्या संकेतस्थळावर शोधता येतो. संघाच्या पानावर खेळाडूंचे मेजर बहुतेक वेळा लिहिलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांचे मेजर मोजा, आणि कॅम्पस भेटीत प्रशिक्षकाला विचारा की गेल्या चार वर्षांत संघातल्या किती जणांनी दुपारची लॅब असलेला विषय पुरा केला.